शुक्राणू कमी आहेत, म्हणजे वृषणाचा कॅन्सर होणार का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वय ३२. दोन वर्षं प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत. वीर्यतपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा शुक्राणू मिलिलिटरला ३० ते ४० लाखांच्या घरात निघाले. लहानपणी उजवं वृषण खाली उतरलेलं नव्हतं, अकराव्या वर्षी शस्त्रक्रिया करून ते जागेवर आणलं. वंध्यत्व केंद्रात थेट इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याची पद्धत, सुचवली गेली, पण तुम्हाला हात लावून कुणी तपासलं नाही. तुम्ही स्वतःहून सोनोग्राफी करून घेतली. तिच्यात उजवं वृषण ९ मिलिलिटर, डावं १५ मिलिलिटर आणि उजव्यात ‘मायक्रोलिथियासिस’ असा शेरा आला. मग वंध्यत्व आणि वृषणाचा कॅन्सर यांचा संबंध वाचलात आणि झोप उडाली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कमी शुक्राणू म्हणजे कॅन्सर येणार का, आता नेमकं काय करायचं, आणि तसं काही निघालंच तर मूल होण्याची वाट बंद होते का.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो, कारण त्यावरच रात्री जाताहेत. कमी शुक्राणू असलेल्या बहुसंख्य पुरुषांना वृषणाचा कॅन्सर कधीच होत नाही. संबंध आहे, तो खरा आहे, आणि म्हणूनच तुमची नीट तपासणी व्हायला हवी. पण संबंध असणं आणि आजार होणारच असणं यांत फार मोठं अंतर आहे.

आकडे बघू. वृषणाचा कॅन्सर मुळात दुर्मीळ. पुरुषांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. मात्र तो येतो तरुणपणी, आणि साधारण १५ ते ३५ या वयात पुरुषांना होणाऱ्या घट्ट गाठींच्या (म्हणजे रक्ताचे सोडून इतर) कॅन्सरमध्ये तोच सर्वांत जास्त आढळतो. नॉर्वे, डेन्मार्क अशा उत्तर युरोपातल्या देशांत त्याचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे, आशिया आणि आफ्रिकेत बरंच कमी. अमेरिकेत पुरुषाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता साधारण २५० मध्ये एक. आता यावर वंध्यत्वाचा परिणाम काय? कोपनहेगनमध्ये १९६३ ते १९९५ या काळात वीर्यतपासणी झालेल्या ३२ हजारांहून अधिक पुरुषांची माहिती कॅन्सरच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत वृषणाचा कॅन्सर इतरांच्या १.६ पट निघाला. ज्यांची संख्या, हालचाल किंवा आकार बिघडलेला होता, त्यांच्यात हे प्रमाण दोन ते तीन पट होतं. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासातही, दोष पुरुषाकडे आहे असं निदान झालेल्यांमध्ये ते २.८ पट आलं. ‘तिप्पट’ हा शब्द घाबरवतो. पण २५० मध्ये एक याच्या तिप्पट केलं तरी ८० मध्ये एकाच्या आसपास, आणि तेही जिथे हा आजार जास्त आढळतो तिथे. जिथे मुळातच तो कमी आहे, तिथे तिप्पट होऊनही तो कमीच राहतो.

मग माझ्यासारखा माणूस या संबंधाचा इतका आग्रह का धरतो? कारण हा कॅन्सर लवकर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो, आणि मूल होत नाही म्हणून तरुण पुरुष डॉक्टरकडे येतो ती वेळ तो सापडण्याची फार चांगली संधी असते. एरवी तिशीतला धडधाकट माणूस डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवत नाही. तो येतो तो या एका कारणासाठी, आणि त्या दिवशीही त्याच्याकडून फक्त वीर्याची डबी घेतली जाते.

ही गोष्ट मला मनापासून खुपते. इक्सी १९९२ मध्ये आली आणि तिने असंख्य जोडप्यांना मूल दिलं, त्याबद्दल वाद नाही. एका बीजांडाला एक जिवंत शुक्राणू पुरतो म्हटल्यावर ‘पुरुषाचं काय बिघडलंय’ हा प्रश्नच पुष्कळ ठिकाणी मागे पडला. सगळ्या तपासण्या पत्नीच्या, सगळी इंजेक्शनं पत्नीला, आणि पुरुषाचा एक कागद फाइलमध्ये. वीर्याचा अहवाल हा त्या पुरुषाच्या स्वतःच्या तब्येतीचाही अहवाल आहे. शुक्राणू कमी का, हे विचारल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे आलेली संधी हातची घालवणं. ज्याचा अहवाल बिघडलेला आहे अशा प्रत्येक पुरुषाची वृषणं अनुभवी हातांनी तपासली गेलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. त्याला दोन मिनिटं लागतात.

आता हा संबंध येतो कुठून, ते समजून घ्या. ते कळलं की तुमच्या सोनोग्राफीतल्या प्रत्येक ओळीचा अर्थ लागेल.

१९७२ मध्ये नील्स एरिक स्काकेबेक या डॅनिश डॉक्टरांनी वंध्यत्वासाठी घेतलेल्या वृषणाच्या बायोप्सींमध्ये, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांमध्ये, काही विचित्र पेशी पाहिल्या. शुक्राणू तयार होतात त्या नलिकांच्या आतच त्या बसून होत्या, बाहेर पसरलेल्या नव्हत्या. पुढे त्याच पुरुषांना कॅन्सर झाला. या अवस्थेला आज थोडक्यात ‘जीसीएनआयएस’ म्हणतात, म्हणजे अजून नलिकेची भिंत न ओलांडलेला कॅन्सर. वृषणाच्या कॅन्सरपैकी सुमारे ९५ टक्के बीजपेशींपासून होतात, आणि तरुणांतले त्यातले जवळजवळ सगळे याच अवस्थेतून जातात. ती सापडली आणि काहीच केलं नाही, तर पाच वर्षांत निम्म्या पुरुषांत तिचं खऱ्या कॅन्सरमध्ये रूपांतर होतं.

या पेशी आईच्या पोटातल्या बाळाच्या बीजपेशींसारख्या दिसतात. हे विलक्षण आहे आणि सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. बाळ गर्भात असताना त्याच्या वृषणात आदिम बीजपेशी येऊन बसतात. त्यांना पुढे नेण्याचं काम शेजारच्या सर्टोली पेशी आणि पुरुष संप्रेरक बनवणाऱ्या लायडिग पेशी करतात. जन्मानंतर काही महिन्यांत त्या बीजपेशी आपलं आदिम रूप टाकून पुढच्या टप्प्यावर गेलेल्या असतात. शेजारच्या पेशींचं काम गर्भातच बिघडलं तर काही बीजपेशी जिथल्या तिथे अडकून राहतात. बालपणभर त्या गप्प असतात. वयात येताना संप्रेरकं वाढली की त्या जाग्या होतात. हा कॅन्सर म्हातारपणी न येता विशी-तिशीत का येतो, त्याचं हे कारण.

शेजारच्या पेशी बिघडल्याचे परिणाम एवढ्यावर थांबत नाहीत. वृषण पोटातून खाली उतरवण्याचं काम त्याच संप्रेरकांचं. मूत्रमार्गाचं तोंड शिश्नाच्या टोकाला आणण्याचं कामही त्यांचंच. आणि मोठेपणी शुक्राणू किती बनतील, हे सर्टोली पेशी किती आणि कशा आहेत यावर ठरतं. म्हणून न उतरलेलं वृषण, मूत्रमार्गाचं तोंड खालच्या बाजूला असणं, कमी शुक्राणू आणि वृषणाचा कॅन्सर या चार गोष्टी एकमेकींच्या सोबतीने दिसतात. २००१ मध्ये स्काकेबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चौघींचं मूळ एकच असावं, असा विचार मांडला. त्याला वृषणाच्या सदोष घडणीचा सिंड्रोम म्हणता येईल. सगळ्याच रुग्णांना तो लागू पडत नाही, जनुकीय कारणंही असतात. पण तुमच्यासारख्या इतिहासाला तो नेमका बसतो.

याचा अर्थ कमी शुक्राणूंमुळे कॅन्सर होत नाही. दोघांचं मूळ एक असू शकतं. म्हणूनच गोळ्या घेऊन संख्या वाढली तरी कॅन्सरचा धोका त्याने कमी झाला असं होत नाही, आणि संख्या घसरली म्हणून तो वाढला असंही नाही. तुमचं डावं वृषण आकाराने ठीक आहे, मग एकूण संख्या इतकी कमी कशी, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. एक वृषण न उतरलेल्या मुलांमध्ये दुसरंही पुष्कळदा पूर्ण निर्दोष नसतं, कारण बिघाड गर्भातल्या वातावरणाचा असतो. त्यामुळे तपासताना ‘चांगल्या’ बाजूलाही तितक्याच काळजीने पाहायचं असतं.

न उतरलेल्या वृषणाबद्दल स्वीडनमधला २००७ चा अभ्यास सांगण्यासारखा आहे. जवळपास १७ हजार पुरुष, सगळ्यांची वृषण खाली आणण्याची शस्त्रक्रिया झालेली. तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये कॅन्सरचा धोका सामान्य लोकांच्या २.२ पट, तेरा किंवा त्यानंतर झालेल्यांमध्ये ५.४ पट. तुमची अकराव्या वर्षी झाली, म्हणजे तुम्ही कमी धोक्याच्या गटात आहात. आज ही शस्त्रक्रिया ६ ते १८ महिन्यांच्या वयातच करावी असं सांगतात. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात लहान मुलगा असेल आणि त्याचं वृषण जागेवर लागत नसेल, तर ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. सहा महिन्यांनंतर ते आपोआप खाली येण्याची शक्यता फार कमी उरते.

आता मायक्रोलिथियासिस. नलिकांमध्ये साचलेले कॅल्शियमचे बारीक कण म्हणजे मायक्रोलिथियासिस. सोनोग्राफीत ते आभाळभर पसरलेल्या चांदण्यांसारखे दिसतात. नुसते ते कण असणं हा आजार नाही. कितीतरी निरोगी पुरुषांत ते योगायोगाने सापडतात, आणि इतर कोणतंही धोक्याचं कारण नसेल तर त्यांना दरवर्षी सोनोग्राफीसाठी बोलावण्याचीही गरज नसते. पण सोबत दुसरी कारणं असतील तर चित्र बदलतं: न उतरलेलं वृषण किंवा त्याची शस्त्रक्रिया, १२ मिलिलिटरपेक्षा लहान वृषण, आधी एका बाजूला झालेला कॅन्सर, किंवा वडील-भावाला झालेला हा कॅन्सर. तुमच्याकडे यातली पहिली दोन आहेत, वर वंध्यत्व. म्हणजे तुमचा शेरा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. घाबरून जाण्यासारखाही नाही, कारण गाठ दिसलेली नाही, आणि अशा तपासणीत तीच सर्वांत महत्त्वाची ओळ असते.

पुढे काय करायचं ते सांगतो.

आधी युरोलॉजिस्ट किंवा अँड्रोलॉजिस्टकडून (पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर) हाताने तपासून घ्या. झोपून आणि उभं राहून, दोन्ही. वृषणात कडक भाग लागतो का, शिरा फुगलेल्या आहेत का, शुक्रवाहिन्या जागेवर आहेत का, छाती वाढलेली आहे का, हे सगळं त्यात येतं. शिरा फुगण्याला व्हेरिकोसील म्हणतात. त्याने शुक्राणू कमी होऊ शकतात, कॅन्सर होत नाही. रक्तात एफएसएच आणि एलएच (मेंदूकडून वृषणांना काम सांगणारी संप्रेरकं) आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुष संप्रेरक) बघायचं. संख्या ५० लाखांच्या खाली असल्याने गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रातल्या गाळलेल्या भागांची तपासणीही इक्सीआधी व्हायला हवी, कारण तसा दोष असेल तर तो मुलाकडे जातो. एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच ही तीन गाठीची रक्तचिन्हं आहेत. गाठीचा संशय असेल तेव्हा ती लगेच करायची. पण ती नॉर्मल आली म्हणजे सगळं ठीक असं कधीच धरू नका. जीसीएनआयएसमध्ये ती वाढत नाहीत, आणि सेमिनोमा या प्रकारातही पुष्कळदा नॉर्मल असतात.

मग बायोप्सीचा प्रश्न. लहान वृषण, न उतरल्याचा इतिहास, मायक्रोलिथियासिस आणि वंध्यत्व हे सगळं एकत्र असताना बायोप्सीवर तुमच्याशी मोकळी चर्चा व्हायला हवी, आणि तुमच्या जागी मी तिच्याकडे झुकलो असतो. दोन ठिकाणांहून तुकडा घेतला आणि योग्य रंजकं वापरून तपासला, तर जीसीएनआयएस असल्यास तो सहसा सुटत नाही. पॅथॉलॉजिस्टला आधीच सांगून ठेवायला हवं की नेमकं काय शोधायचं आहे. ऑक्ट-३/४ आणि पीएलएपी ही रंजकं त्यासाठीच असतात. शिवाय त्याच बैठकीत ऊतीचा एक भाग शुक्राणूंसाठी गोठवून ठेवता येतो. मूल हवं असलेल्या पुरुषाची बायोप्सी नुसती निदानासाठी करून उरलेली ऊती टाकून देणं मला पटत नाही.

एक फरक ठळकपणे सांगायला हवा. मी म्हणतोय ती बायोप्सी गाठ नसलेल्या वृषणाची. गाठ दिसत असेल, तर अंडकोषाच्या त्वचेतून सुई घालून किंवा तिथे काप देऊन तुकडा घेऊ नये. त्याने कॅन्सरच्या पेशींना पसरायला नवी वाट मिळते. गाठीसाठी शस्त्रक्रिया जांघेतूनच होते.

सोनोग्राफीत पुढे कधी बारीकशी गाठ दिसली, तर तेव्हाही घाई नको. वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांत हाताला न लागणाऱ्या काही मिलिमीटरच्या गाठी अधूनमधून सापडतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा साध्या असतात, विशेषतः लायडिग पेशींच्या. तिथे थोड्या आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, किंवा वृषण वाचवून तेवढीच गाठ काढून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तपासणं, हे पर्याय असतात. ज्याचे शुक्राणू मोजकेच आहेत, त्याचं वृषण विनाकारण जाणं हे मोठं नुकसान आहे. हाताला लागणारी, कडक, सोनोग्राफीत काळसर दिसणारी गाठ मात्र कॅन्सरच समजून चालायचं आणि दिवस दवडायचे नाहीत.

समजा बायोप्सीत जीसीएनआयएस निघाला. तरी तुमच्या हातात वेळ असतो, कारण ही अवस्था महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तशीच राहते. उपचार तीन: ते वृषण काढणं, त्याला १८ ते २० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) किरणोत्सर्ग देणं, किंवा जवळून लक्ष ठेवणं. एका बाजूला आजार आणि दुसरं वृषण ठीक असेल तर काढून टाकणं सोपं पडतं. एकच वृषण उरलेलं असेल तर किरणोत्सर्ग विचारात घेतात. त्याने बिघडलेल्या पेशींबरोबर शुक्राणू बनवणाऱ्या पेशीही जातात, टेस्टोस्टेरॉन मात्र बऱ्याच अंशी टिकतं. म्हणून मूल हवं असलेल्या पुरुषात आधी शुक्राणू साठवणं किंवा गर्भधारणा, तोवर काटेकोर सोनोग्राफी आणि मग उपचार, असा क्रम ठरवता येतो.

बायोप्सी नको असं ठरलं, किंवा ती स्वच्छ आली, तरी दरवर्षी एकदा सोनोग्राफी करा. युरोपातल्या रेडिओलॉजी तज्ज्ञांची शिफारस अशा पुरुषांसाठी वयाच्या ५५ पर्यंत ती चालू ठेवण्याची आहे. मधल्या काळात महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर स्वतः तपासा. एक वृषण दोन्ही हातांच्या बोटांत धरून अंगठ्यांनी हळूच फिरवायचं, मग दुसरं. मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखा भाग लागतो तो शुक्राणूंच्या नळीचा, तो तिथे असायलाच हवा. शोधायचा आहे तो वृषणातच रुतलेला कडक भाग. तो बहुतेकदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच लोक महिनेच्या महिने घालवतात. जडपणा, आकार अचानक वाढणं, छातीला सूज, कारण नसलेली कंबरदुखी हीही लक्षणं आहेत.

आता तिसरा प्रश्न, आणि मला वाटतं खरी भीती इथे आहे. कॅन्सर निघालाच तर मूल होईल का?

आधी हे ऐका: हा आजार बरा होतो. अमेरिकेत लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिसप्लॅटिनवर आधारलेली केमो सुरू केली आणि शरीरभर पसरलेला वृषणाचा कॅन्सरही बरा होऊ लागला. त्याआधी अशा रुग्णांपैकी दहातला एखादाच वाचत असे. आज सगळे टप्पे धरून पाच वर्षांनंतर सुमारे ९५ टक्के रुग्ण जिवंत असतात. पुढची पन्नास वर्षं डोळ्यांसमोर ठेवून उपचार ठरवायचे असतात, आणि त्यात बाप होणं येतंच.

आजार स्वतःही शुक्राणूंवर परिणाम करतो. निदानाच्या वेळी, कोणताही उपचार सुरू होण्याआधीच, निम्म्याच्या आसपास पुरुषांचं वीर्य कमकुवत असतं आणि काहींमध्ये शुक्राणू अजिबात नसतात. काही अंशी हा त्या गर्भातल्या बिघाडाचा भाग. शिवाय गाठ आजूबाजूच्या नलिका दाबते, आणि एचसीजी बनवणारी गाठ असेल तर मेंदूकडून येणारं एफएसएच दबून जातं. म्हणून माझा सगळ्यांत मोठा आग्रह हा आहे: वृषण काढण्याच्या आधी वीर्य गोठवा, आणि काही कारणाने ते राहिलंच तर केमोच्या आधी तरी नक्की. पुष्कळदा निदान आज आणि शस्त्रक्रिया दोन-तीन दिवसांत, अशा धावपळीत ही गोष्ट कुणी बोलतच नाही. नमुना द्यायला एक सकाळ पुरते. शक्य असेल तर एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन नमुने द्यावेत. संख्या हजारांत असली तरी गोठवावं, कारण इक्सीला मोजके शुक्राणू पुरतात. वीर्यात एकही नसेल, तर काढलेल्या वृषणातल्या निरोगी भागातून त्याच तासात शुक्राणू शोधून साठवता येतात. त्यासाठी सर्जन आणि भ्रूणतज्ज्ञ यांचं बोलणं आधी झालेलं हवं. ते बोलणं तुम्ही स्वतः घडवून आणा, संकोच करू नका.

उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये शुक्राणू वर्षानुवर्षं टिकतात. सतराव्या वर्षी वृषणाचा कॅन्सर झालेल्या एका मुलाचं वीर्य उपचाराआधी गोठवलं होतं. २१ वर्षांनी ते वापरून त्याला निरोगी मूल झालं, आणि ही केस २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पोहोचलेला हा कॅन्सर झाला. केमोआधी साठवलेल्या वीर्यातून त्याला तीन मुलं झाली आणि पुढे काही वर्षांनी नैसर्गिकरीत्या आणखी दोन.

साठवण न वापरताही किती जण बाप होतात? नॉर्वेतल्या एका मोठ्या अभ्यासात, उपचारानंतर मूल हवं म्हणून प्रयत्न केलेल्यांपैकी १५ वर्षांत एकूण ७१ टक्के पुरुषांना गोठवलेल्या वीर्याशिवाय मूल झालं. शस्त्रक्रियेनंतर फक्त देखरेखीवर राहिलेल्यांत हे प्रमाण ९२ टक्के, तर सिसप्लॅटिनचा जास्त डोस घेतलेल्यांत ४८ टक्के. केमोनंतर काही महिने शुक्राणू बहुतेकांचे नाहीसे होतात, मग एक-दोन वर्षांत परततात, काहींना पाच वर्षंही लागतात. उपचार चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात. पोटातल्या लसिका ग्रंथी काढायची वेळ आली, तर स्खलनाच्या नसा वाचवणाऱ्या पद्धतीबद्दल सर्जनना आधीच विचारा. त्या नसा दुखावल्या तर वीर्य मूत्राशयात उलट जातं. आणि ज्यांचे शुक्राणू मुळातच कमी, त्यांना परतीची हमी इतरांपेक्षा कमी, हे स्पष्ट सांगतो. म्हणजे तुमच्या बाबतीत साठवण ही निकडीची गोष्ट आहे. खरं तर आज, काहीही निदान झालेलं नसतानाच, एक-दोन नमुने गोठवून ठेवावेत असं मी सुचवेन.

अजून एक इशारा, कारण ही गडबड वारंवार दिसते. थकवा आहे, टेस्टोस्टेरॉन थोडं कमी आहे, म्हणून कुणी त्याची इंजेक्शनं किंवा जेल लिहून दिलं तर मूल होईपर्यंत घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना काम करायला सांगणं थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. व्यायामशाळेत मिळणाऱ्या स्टेरॉइड्सचंही तेच.

लोक ज्या बाकीच्या गोष्टींना दोष देतात, त्या थोडक्यात. मार लागल्याने हा कॅन्सर होत नाही; मार लागला म्हणून हात जातो आणि आधीची गाठ सापडते. हस्तमैथुन, घट्ट कपडे यांचा संबंध नाही. इक्सी किंवा त्यासाठी केलेल्या तपासण्यांनीही पुरुषाला कॅन्सर होत नाही.

इक्सी पुढे ढकलायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्नीच्या मनात ते नक्की असेल. माझ्या मते रद्द करायची गरज नाही. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल तर तिचे महिने मोलाचे आहेत. तिची तयारी चालू राहू द्या आणि तिला इंजेक्शनं सुरू होण्याआधीच्या काळात तुमची हाताची तपासणी, रक्ततपासण्या आणि बायोप्सीचा निर्णय उरकून घ्या. पुढच्या भेटीला दोघं मिळून जा. कागद सगळे न्या, अकराव्या वर्षीच्या शस्त्रक्रियेचा काही कागद सापडला तर तोही, आणि वडील किंवा भावाला वृषणाचा काही आजार झाला होता का ते घरी विचारून जा. भावाला हा कॅन्सर झालेला असेल तर धोका आठ ते दहा पटींपर्यंत जातो, आणि मग बायोप्सीबद्दलचा माझा कल आणखी पक्का होईल. एफएसएचचा आकडा आणि गुणसूत्रांचा अहवाल आला की इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.